पंखे बंद असताना

१

आमच्या शेतात ऊन येत नाही, पाऊस येत नाही आणि बांधावरून भांडणंही होत नाहीत. एका उंच इमारतीच्या तळघरात, जिथं पूर्वी गाड्या उभ्या राहायच्या, तिथं आता जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी मांडण्या आहेत. प्रत्येक फळीवर पांढरे ट्रे, ट्रेच्या भोकांत स्पंजचे चौकोन, स्पंजात रोपं, आणि रोपांची मुळं खालच्या वाहत्या पाण्यात. खत त्या पाण्यातूनच मिळतं. माती औषधालाही नाही. फरशीवर पार्किंगचे पिवळे पट्टे अजून दिसतात आणि एका खांबावर 'वाहने सावकाश चालवा' अशी पाटी आहे. आम्हीही सावकाशच चालतो. फरशी कायम ओली असते.

माझं काम रोपांचं. बी रुजवायच्या खोलीतून रोपं आणायची, ट्रेमध्ये लावायची, पिवळी पानं खुडायची, आणि दिवस भरले की कात्रीने काढणी करायची. 'दिवस भरले' हे आम्ही रोज म्हणायचो. पालकाचे भरले, बेसिलचे उद्या भरतील. लेट्यूसला जरा वेळ लागतो.

दिवे जांभळट गुलाबी असतात. त्या उजेडात हिरवी पानं काळी दिसतात आणि माणसांची तोंडं आजारी. काम संपवून रस्त्यावर आलं की थोडा वेळ सगळं जग हिरवट दिसतं, रस्ता, गाड्या, स्वतःचे हात. बसथांब्यावर उभी राहून ती हिरवी झाक विरेपर्यंत मी कशाचाही विचार करायची नाही. दिवसातली माझी विश्रांती म्हणजे तेवढीच.

आणि पंखे. वारा लागला नाही तर देठ लेचेपेचे राहतात, पानांच्या कडा करपतात, म्हणून पंखे अखंड चालू. आमच्याकडे कुठलंही पान कधी स्थिर नसतं. तो घरघराट इतका अंगवळणी पडला होता की ऐकूच यायचा नाही. आठवड्यातून एकदा जाळ्या धुवायला पंखे बंद करायचे, तेव्हा एकदम कानात दडे बसल्यासारखं व्हायचं.

पंखे, पंप आणि नळ्या सांभाळणारा एक माणूस होता. त्याला सगळे पंपवालाच म्हणायचे. सुपरवायझरचं नाव आम्ही थर्मामीटर ठेवलं होतं, कारण तो माणसांशी बोलतानाही हातातल्या यंत्रावरचं तापमानच वाचत असायचा. मला दोघंही ताई म्हणायचे. पॅकिंगची मंडळी बाहेरच्या खोलीत असायची, त्यांचा आमच्याशी फारसा संबंध यायचा नाही.

घरी आई होती. आई आणि मी, दोघीच.

२

त्या दिवशी पंपवाल्याने पंखे बंद केले आणि जाळ्या काढून धुवायला मागच्या मोरीवर नेल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पानं हळूहळू शांत होत गेली. मी कोपऱ्यातल्या मांडणीपाशी पिवळी पानं खुडत होते. माझ्या छातीच्या उंचीच्या फळीवर काहीतरी हलत होतं.

एकाच ट्रेमधली पानं. लेट्यूसची, कोवळी, तळहाताएवढी. सगळी मिळून किंचित वर यायची आणि किंचित खाली बसायची. थरथर नव्हती. वाऱ्याने पान हलतं तेव्हा प्रत्येक पान आपापलं हलतं. ही सगळी एकदम उचलली जात होती, पांघरुणाखाली कोणी निजलेलं असावं तशी.

मी शेजारच्या ट्रेकडे पाहिलं. स्थिर. वरच्या फळीवर, खालच्या फळीवर, सगळीकडे स्थिर. पाणी तेच, नळी तीच. मी पानांवर हात धरून पाहिला. वारा नव्हता. पानं हाताला खालून टेकायची आणि दूर व्हायची.

वर, खाली. वर, खाली. मग जरा भरभर. मग एकदम काहीच नाही. थांबलं वाटतं, असं म्हणून मी हात काढून घेतला. बराच वेळ पानं तशीच पडून राहिली. मग लागोपाठ दोनदा, आचका दिल्यासारखी, ती उचलली गेली आणि पुन्हा पहिल्यासारखी हलायला लागली.

पंपवाला जाळ्या घेऊन आला, पंखे लागले आणि सगळंच हलायला लागलं. मी हात धुतले आणि डबा खायला बसले. माणसाला भूक लागलेली असली की बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

३

आईला सांभाळायला दिवसा एक काकू यायच्या. मी घरी पोचले की त्या चपला घालूनच दिवसाचा वृत्तांत द्यायच्या. आज दोन घास घेतले, आज बोलल्या नाहीत, आज तुमच्या बाबांना हाका मारत होत्या. त्या गेल्या की मी आईचं अंग पुसायची, चादर बदलायची, आणि मग पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून राहायची. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की औषधाचं काम आता संपलं, सोबत करा. दिवस भरत आलेत, असंच ते म्हणाले होते. मला त्या क्षणी काढणीची कात्री आठवली, आणि नंतर स्वतःचाच राग आला.

सोबत करायची म्हणजे काय, तर तिचा श्वास ऐकायचा. खोलीत दुसरा आवाजच नव्हता. आधी शांत चालायचा, मग भरभर व्हायचा, जिना चढल्यासारखा. मग थांबायचा. या थांबण्याची सवय कधी झालीच नाही. दर वेळी वाटायचं, झालं. मी खुर्चीच्या कडेवर यायची. आणि मग लागोपाठ दोनदा आचका देऊन ती पुन्हा श्वास घ्यायला लागायची, आणि मी मागे टेकायची. त्या टेकण्यात हायसं वाटणं किती आणि थकवा किती, हे मी कधी तपासलं नाही.

त्या संध्याकाळी मी मागे टेकले आणि एकदम ताठ बसले. दोन आचके.

मग मी स्वतःला समजावलं. मनी वसे ते स्वप्नी दिसे. कित्येक महिने तोच एक ताल कानात घेऊन मी फिरत होते. बसमधून उतरल्यावर जमीन डुलते तसंच हे. नळाच्या थेंबातही मला आईचा श्वास ऐकू आला असता. आणि खरंच, त्या रात्री स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता तेव्हा मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. नळाचा थेंब मात्र नळाच्याच तालात पडत होता.

४

पुढच्या वेळी पंखे बंद झाले तेव्हा मी पंपवाल्याला थांबवलं आणि कोपऱ्यात नेलं. तो निवांत माणूस. कशाचंही कारण त्याच्याकडे तयार असायचं.

पानं हलत होती. गेल्या वेळेपेक्षा वाढली होती, त्यामुळे जास्त स्पष्ट.

तो म्हणाला, झुळूक असेल कुठूनतरी. मग त्याने खिशातून टिश्यू पेपर काढला, त्याची एक बारीक पट्टी फाडली आणि दोन बोटांत धरून पानांवर लोंबती ठेवली. पट्टी हलली नाही. खाली पानं वर येत होती, पट्टीच्या टोकाला शिवत होती आणि खाली जात होती.

"पाण्याचा दाब," तो म्हणाला. त्याने खाली वाकून नळीचा कॉक बंद केला. पाणी थांबल्याचा आवाज आला. पानं चालूच राहिली.

तो थोडा वेळ पाहत उभा राहिला. पानं भरभर हलली, मग थांबली. तो "हां, बघा" असं म्हणायला तोंड उघडतोय तेवढ्यात ती दोनदा उचलली. त्याने पट्टी चुरगळून खिशात टाकली, कॉक उघडला आणि जाळ्या न धुताच पंखे लावले. जाताना म्हणाला की झाडं हलतातच, रात्री पानं मिटणारी झाडं नाहीत का. मी म्हटलं, आहेत.

त्या दिवसापासून कोपऱ्यातल्या मांडणीचं काही काम निघालं की तो मला हाक मारून सांगायचा, तेवढं तुम्हीच बघा ताई.

५

मला ते एकदाच खोडून काढायचं होतं. खोटं ठरलं की सुटले, असं वाटत होतं.

दुपारी, पंखे बंद असताना, मी काकूंना फोन केला आणि सांगितलं की फोन आईच्या तोंडाजवळ धरा, मला तिचा श्वास ऐकायचा आहे. काकूंना त्यात काही विचित्र वाटलं नाही. आजाऱ्याच्या घरात माणसं काहीही मागतात.

आधी चादरीची खसखस ऐकू आली, मग आई. मी फोन कानाला घट्ट दाबून ट्रेसमोर उभी राहिले.

आईने श्वास घेतला, पानं वर आली. सोडला, पानं बसली. आधी मला वाटलं, जुळतंय असं मीच जुळवून घेतेय. म्हणून मी डोळे मिटले, नुसतं ऐकलं, आणि मध्येच उघडले. जुळलेलंच होतं. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. श्वास भरभर होत गेला, पानंही. मग कानात काहीच उरलं नाही आणि समोर पानं पडून होती. 

ते थांबणं फार लांबलं.

मग कानात एक आचका, समोर पानं उचलली. दुसरा आचका. पानं.

"ताई, ठेवू का?" काकू विचारत होत्या. "तुमचा आवाजच येत नाहीये."

मी ठेवा म्हटलं.

६

लेट्यूसची काढणी आली. थर्मामीटर सकाळी फेरी मारून गेला आणि कोपऱ्यातली मांडणी आज रिकामी करा म्हणाला. मी इतर सगळे ट्रे कापले. तो एक मात्र उचलला, शिडी लावली, आणि छताजवळच्या फळीवर, जिथं फुटके ट्रे आणि जुन्या नळ्या टाकलेल्या होत्या तिथं नेऊन ठेवला. दिवा ओढून घेतला, पाण्याची नळी वळवून दिली. कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. लहानपणी आई गोष्ट सांगायची, त्यात राक्षसाचा जीव पोपटात असायचा. माझ्या आईचा जीव कुठं, तर हॉटेलच्या सॅलडात. हे मनात आलं आणि शिडीवर उभ्या उभ्या मला हसू फुटलं. ते आवरायला बराच वेळ लागला.

माझा त्यावर विश्वास होता असं नाही. पण गॅस बंद केल्याची खात्री असूनही आपण दारातून परत येतो, तसं ते होतं. कापलं नाही तर नुकसान काय? एक ट्रे.

डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि म्हणाले, कमाल आहे. पुढच्या वेळीही तेच म्हणाले. त्यानंतर त्यांनी यायचं कमी केलं. धाकटी बहीण दर रविवारी यायची. आधी ती येताना रडायची. मग रडणं थांबलं आणि ती नुसती पलंगाच्या कठड्याला धरून बसायला लागली. एकदा स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून कप विसळताना ती म्हणाली, "आई सुटत का नाही गं?" आणि नळ मोठा सोडला.

वर, छताजवळ, लेट्यूस वाढत होतं. दिवस भरून गेल्यावर कापलं नाही तर ते उंच जायला लागतं. मधून दांडा निघतो, पानं लांबट आणि कडू होतात, आणि ते दिव्याकडे ताणत राहतं. मी रोज शिडीवर चढून बघायची. आता पंखे चालू असतानाही त्याची लय ओळखू यायची.

आई काही खात नव्हती. चमच्याने पाणी, तेवढंच. तिची मान बारीक आणि लांब दिसायला लागली होती. हनुवटी वर, तोंड छताच्या ट्यूबलाइटकडे. मला वाटलं, तिला अवघडत असेल, म्हणून मी तिला कुशीवर वळवून, पाठीला उशी लावून ठेवायची. जरा स्वयंपाकघरात जाऊन यावं तर तिचं तोंड पुन्हा दिव्याकडे. बोट उचलायची ताकद नव्हती त्या बाईत. दिवा मालवला की ती कण्हायची, लावला की गप्प व्हायची. म्हणून मी तो लावूनच ठेवायला लागले आणि डोळ्यांवर ओढणी टाकून खुर्चीत पडायला लागले. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी जमायचं. पुसलं तरी बोटाला चिकटून राहायचं.

एका संध्याकाळी मी तिचं तोंड पुसत होते, तेव्हा तिने डोळे उघडले. माझ्याकडे नाही, वर पाहत होती.

"मला कोणी धरून ठेवलंय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "कोणी नाही आई."

"सोड म्हणावं त्याला."

७

सकाळी कामावर गेल्या गेल्या मी शिडी लावली. वाटेत बसमध्ये ठरवलं असं काही नव्हतं. पाय आपसूक तिकडे गेले.

दांडे दिव्यापर्यंत पोचले होते. टोकं काचेला टेकून वाकली होती, कडा जळून तपकिरी झाल्या होत्या, आणि तरीही ती वर रेटत होती. सगळा ट्रे मिळून वर यायचा, दिव्याला अडायचा आणि खाली बसायचा. मी एक दांडा धरला. मुठीत तो पुढे सरकत होता, मागे येत होता.

मी ती लय थांबायची वाट पाहिली. पानं पडून राहिली, तेव्हा कापायला सुरुवात केली. कोणाला जागं करायला नको, एवढ्यासाठी.

दांड्यांतून पांढरा चीक आला आणि हातमोज्यांना, कात्रीला, मनगटाला चिकटला. मी एकेक कापत गेले आणि खालच्या टोपलीत टाकत गेले. ट्रे रिकामा झाला. स्पंजात खुंट राहिले, त्यांच्या तोंडाशी चिकाचे थेंब. मी खाली उतरले, पायरीवर बसले आणि फोन मांडीवर ठेवला.

फोन वाजला नाही.

दुपारी मीच केला. काकू म्हणाल्या, झोपल्या आहेत, छान झोपल्या आहेत. मी फोन ठेवला आणि इतकी शरमले की तोंड धुवायला गेले. एवढी मोठी बाई, पाल्याच्या भरवशावर बसले होते. संध्याकाळी बसथांब्यावर उभी असताना, सगळं जग हिरवं असताना, मला खूप दिवसांनी भूक लागली.

घरी गेले तर आईची मान उशीवर सैल पडली होती, तोंड दाराकडे होतं. श्वास मऊ, एकसारखा. भरभर होणं नाही, थांबणं नाही. काकूंनी सांगितलं की अर्धी वाटी सूप घेतलं. मी धाकटीला फोन केला, ती मुलांना नवऱ्याकडे सोडून आली. आईने तिला ओळखलं. केस का कापलेस, असं विचारलं. मग मला म्हणाली, डोळ्यावर उजेड येतोय, दिवा घालव.

आम्ही तिघी अंधारात बसलो. पलीकडच्या इमारतीतला उजेड पडद्यातून येत होता. धाकटीने लहानपणच्या गोष्टी काढल्या, आईने दोनतीनदा तिची चूक दुरुस्त केली. नंतर धाकटी पलंगाच्या पायथ्याशीच झोपली. आईने अंधारात हात चाचपून माझं मनगट धरलं.

"दमलीस?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. मी हो म्हटलं.

"मग नीज," ती म्हणाली.

मी निजले. खुर्चीत नाही, पलंगाला लागून जमिनीवर, धाकटीच्या लहानपणीच्या दुलईवर. तिचा श्वास न ऐकता निजले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. धाकटी तिचे पाय चेपत होती आणि मी चहा गाळत होते. धाकटीने मला हाक मारली तीही हळू आवाजात, कोणाची झोप मोडू नये तशी.

८

त्यानंतर मी नुसती झोपले. माणसं आली, गेली, जे करायचं ते झालं, आणि मी दोन कामांच्या मध्ये जिथं जागा मिळेल तिथं झोपत होते. लोकांना वाटलं, दुःख. धाकटीला माहीत होतं. ती खोलीचं दार लोटून घ्यायची.

मी विचारही केला, शांतपणे. सकाळी कापलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. त्याच क्षणी गेली असती तर मला काही ठरवावं लागलं असतं. मधे एक संध्याकाळ होती, अर्धी वाटी सूप होतं, धाकट्या बहिणीचे केस होते. आजारी माणसाला शेवटी अशी उभारी येते, हे कोणीही सांगेल. थकलेल्या बाईला पानांत काय वाटेल ते दिसतं, हेही. मी ते तिथंच मिटवलं. मिटलंही. आईची आठवण यायची ती आधीची, धडधाकट, भाजीवाल्याशी भांडणारी.

कामावर परतले तेव्हा थर्मामीटरने दोन शब्द सांत्वनाचे बोलून घेतले आणि मग मुद्द्यावर आला. टोपलीत त्याला ते उंच वाढलेले दांडे सापडले होते. कोणी ठेवले, का ठेवले, त्याने विचारलं नाही. एवढंच म्हणाला की यापुढे एकही ट्रे दिवस भरल्यावर मांडणीवर राहता कामा नये, काढणीला तो स्वतः उभा राहील. हे बोलताना त्याने तापमान पाहिलं आणि ते बरोबर असल्यामुळे त्याचा राग उतरला.

माझ्या गैरहजेरीत ट्रे धुऊन, जंतुनाशकातून काढून पुन्हा मांडण्यांवर लागले होते. सगळे पांढरे, सगळे सारखे. त्यातला तो कुठला, मला सांगता आलं नसतं आणि मी शोधलाही नाही. त्यांत रोपं लावली होती आणि ती चांगली लागली होती. मी पिवळी पानं खुडली, नळ्या पाहिल्या, डबा खाल्ला. रात्री झोप लागायची. तरी सकाळी उठल्यावर अंग मोडून आल्यासारखं असायचं. इतक्या महिन्यांचा शीण एकदम थोडाच जातो, असं धाकटी म्हणायची.

९

पंपवाल्याने पंखे बंद केले. मी मधल्या ओळीत होते. पानं शांत होत गेली, आणि तो उभा होता त्या बाजूला, दाराजवळच्या मांडणीवर, एका ट्रेमधली झाली नाहीत.

मला भीती वाटली नाही. आधी बरं वाटलं, हे खरं सांगते. आईच, असं मनात आलं आणि मी जवळजवळ धावत गेले.

पण ती लय आईची नव्हती. वर, खाली, वर, खाली, जराशी धापा टाकल्यासारखी. थांबणं नाही. आचके नाहीत. मी पाहत राहिले. ओळखीची वाटत नव्हती. धाकटी? मुलं? काकू? ज्यांचा श्वास मी कधी ऐकला असेल अशी सगळी माणसं मी मनात आठवून पाहिली. कोणाशी जुळेना.

पंपवाला जाळी हातात घेऊन तिथंच उभा होता. तोही पाहत होता. त्याने एकदा पानांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तोंडाकडे नाही, त्याच्या खाली, गळ्यापाशी, मी घातलेल्या पांढऱ्या कोटाच्या गुंड्या जिथं होत्या तिथं. मग पानांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. त्याने जाळी भिंतीला टेकवून ठेवली आणि एक पाऊल मागे झाला.

"ताई," तो म्हणाला, "जरा श्वास रोखून धरा बरं."

मी रोखला.

पानं थांबली. सगळी एकदम, अर्ध्या उंचीवर.

मग तो वळला आणि पंख्यांच्या बटणांकडे निघाला. ती पार दुसऱ्या टोकाला होती, आणि फरशी ओली होती, म्हणून तो जपून चालत होता. पंखे लागले की सगळंच हलेल, मग काही कळणार नाही, हे त्याच्या मनात होतं तेच माझ्या मनात होतं. तेवढा वेळ निघेल असं मला वाटलं. छाती भरून आली होती, कानात रक्त वाजत होतं, पण अजून दम होता. मी मनाशी ठरवलं होतं की पंखे लागेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. मी तो घेतला नव्हता.

पानं वर आली.

मग मी श्वास घेतला.